फोन लागला नाही तरी या

‘फोन लागला नाही तरी बिनधास्त या, घरी कोणीतरी असतंच.’ वेबसाइटवरची ही ओळ मोहिनीने स्वतः लिहून दिली होती. बाकीचा मजकूर हनुमानने कुठून कुठून जुळवलेला, ‘दर्जेदार’, ‘विश्वसनीय’ असल्या शब्दांचा. ही एक ओळ मात्र घरची वाटायची. मोहिनीला ती फार आवडायची.

घर आखाडा बाळापूरपासून चार किलोमीटरवर, मळ्यात. सासरे मसाजी यांची सगळी हयात मेंढरांमागे फिरण्यात गेलेली. पुढे मेंढरं विकली, शेरडं राहिली. मोहिनीचा नवरा अंगद याने त्यांच्यासाठी पत्र्याचं शेड मारलं, पैदाशीचे दोन उस्मानाबादी बोकड आणले. आसपासचे लोक शेळ्या न्यायला येऊ लागले, कोणी आपली माजावर आलेली शेळी बोकडाला दाखवायला आणू लागले. पुसद, उमरखेड, वाशीमपर्यंतच्या माणसांना पत्ता कळावा म्हणून अंगदने साइट काढायचं ठरवलं. हनुमान त्याचा शाळेतला दोस्त, कॉम्प्युटर शिकलेला. त्याने मित्राचं काम म्हणून चार दिवसांत साइट करून दिली. हिरवी पाटी, आपोआप सरकणारे बोकडांचे फोटो, खाली नकाशा. ‘सर्व शेळ्या निरोगी व लसीकरण केलेल्या’ असं ठळक अक्षरांत. मसाजींना मोबाइलवर आपलं नाव दाखवलं तेव्हा ते कितीतरी वेळ अंगठ्याने काच पुसत बसले.

साइट झाली आणि दुसऱ्या वर्षी हनुमानला पुण्यात नोकरी लागली. तिथून गोष्टी लांबत गेल्या. विकून गेलेला बोकड साइटवर आठ महिने दिमाखात उभा होता. तो बघून माणसं यायची, तो नाही म्हटल्यावर तोंड वाकडं करून जायची. उन्हाळ्यात अंगदचा फोन विहिरीत पडला, त्याने नंबर बदलला. हनुमानला कळवलं. त्याने पहिल्या पानावरचा नंबर बदलला, पत्त्याच्या पानावरचा राहून गेला. पुन्हा कळवलं तर म्हणाला, “रविवारी करतो.” ते रविवार येत गेले.

शेळ्यांचं रजिस्टर, लशींच्या तारखा, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलणं, हे सगळं मोहिनीच बघायची. बारावी झाली होती. तिला हे असं दुसऱ्याच्या रविवारावर अवलंबून राहणं टोचायचं. गणपतीच्या दिवसांत ती बाळापूरला शितलच्या सेंटरवर गेली. शितल तिची मैत्रीण, सातबारा काढून दे, फॉर्म भरून दे, असली ऑनलाइन कामं करायची.

“मोबाइलवरून मलाच बदल करता येईल असं काही हाय का?” मोहिनीने विचारलं.

शितलने तिला समजावून सांगितलं. हनुमानशी वर्षाच्या पैशांचं बोलून घ्यायचं आणि तो करील तेव्हा करील, हा एक मार्ग. हीच साइट त्याच्याकडून ताब्यात घ्यायची तर तिचं आतलं सगळं शिकावं लागेल, कॉम्प्युटर लागेल, एखादं बटण चुकलं तर पान मोडून पडेल. आणि तिसरं म्हणजे तयार साच्याची साधी साइट. शितलने स्वतःच्या सेंटरची अशीच केलेली मोबाइलवर उघडून दाखवली. वर नाव, खाली मजकूर, दोन फोटो, नंबर. पेन्सिलच्या खुणेला बोट लावलं की लिहायला जागा उघडायची. लिहिलं, ‘जतन करा’ दाबलं, झालं.

“हे तर मेसेज पाठवण्यासारखं हाय,” मोहिनी म्हणाली.

“तेवढंच हाय. आत्ता बसलीस तर संध्याकाळपर्यंत होऊन जाईल.”

मोहिनीने ते पान पुन्हा पाहिलं. पांढरं, कोरडं. फोटो सरकत नव्हते. हिरवी पाटी नव्हती. “दिसायला फारच साधी हाय गं,” ती म्हणाली. “आपली सरकारी नोटीस लावल्यासारखी. मामांचं नाव किती छान दिसतं त्या जुन्यावर.”

“मग बघ तू. विचार कर.”

घरी अंगदला सांगितलं तर तो म्हणाला, “हनुमान हाय ना आपला. त्याला काय वाटंल? फुकट करून दिली त्यानं, आन् आपण दुसऱ्याकडं जायचं?”

मोहिनीने जास्त ताणलं नाही. तिला स्वतःलाच ती हिरवी पाटी सोडवत नव्हती.

दिवाळीनंतर अंगदने वाशीमकडच्या एका बाजारातून सहा पाठी, तरण्या शेळ्या, आणल्या. दिसायला चांगल्या होत्या. नवीन जनावर आणलं की तीन आठवडे वेगळं बांधायचं, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण वेगळ्या बांधायच्या जागेत सोयाबीनचं भुसकट भरलेलं होतं. “चार दिवसांनी रिकामं करतो,” असं म्हणून अंगदने त्या मोठ्या शेडातच दावणीला लावल्या. त्या हंगामातल्या करडांची लस अजून व्हायची होती.

आठव्या दिवशी, शनिवारी, सकाळी मसाजी शेडात गेले आणि दारातच थांबले. त्यांनी दोनदा हवा हुंगली. मग आत जाऊन एका पाठीचं तोंड उघडून बघितलं. हिरड्यांवर कोंडा धरल्यासारखा पांढरा थर होता. नाक भरलेलं, डोळे चिकटलेले, मागचे पाय घाण झालेले.

“बुळकांडी हाय,” ते म्हणाले. “अंगद, त्या डॉक्टरीणबाईला बलाव. लगेच.”

दवाखान्याच्या निलम मॅडम दुपारी आल्या. बूट धुऊन आत गेल्या, बूट धुऊन बाहेर आल्या. नमुने घेतले, पण त्यांचा चेहराच सांगत होता. “रिपोर्ट यायला वेळ लागेल. तोवर पीपीआरच, म्हणजे बुळकांडीच आहे असं धरून चाला. इथून एकही शेळी बाहेर जाणार नाही, बाहेरची एकही आत येणार नाही. माणसंसुद्धा नकोत. मी सांगेपर्यंत. आणि ज्यांना ज्यांना कळवता येईल त्यांना आजच कळवा.”

मोहिनीने रजिस्टर काढून नेहमीच्या गिऱ्हाइकांना एकेक फोन लावला. स्टेटस ठेवलं. मसाजींनी त्यांच्या काळच्या रीतीने कडुलिंबाचा मोठा डहाळा तोडून मळ्याच्या वाटेवर आडवा टाकला. “हे दिसलं की माणूस वळायचं,” ते म्हणाले. “इचारायचीबी गरज न्हाई पडायची.”

मग मोहिनीला साइट आठवली. तिने हनुमानला फोन लावला.

“वहिनी, बोला ना.”

“भाऊजी, आपल्याकडं रोग आलाय. साइटवर तेवढं टाका, कोणी येऊ नका म्हणून. आत्ताच टाका.”

“अरे बाप रे. टाकतो, टाकतो. फक्त असंय वहिनी, पासवर्ड माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये आहे. तो घरी आहे, मी ड्युटीवर. उद्या नक्की.”

रविवारी तिने चार वेळा फोन केला. त्याने उचलला नाही. नंतर कळलं की त्या दिवशी त्याच्या मुलीचं बारसं होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं, फोन कुठल्यातरी खोलीत चार्जिंगला. रविवारी संध्याकाळपर्यंत इकडे तीन करडं मेली.

सोमवारी अंगद आणि मसाजी मळ्याच्या टोकाला खड्डा खणत होते. चुन्याची पोती तिथेच नेली होती. सासू सत्यभामाबाई शेडात आजारी शेळ्यांची तोंडं पोटॅशच्या पाण्याने धुवत होत्या. मोहिनी औषधं आणायला बाळापूरला गेली होती. अकराच्या सुमारास ती परत आली तेव्हा लिंबाचा डहाळा वाटेच्या कडेला ओढून ठेवलेला दिसला आणि अंगणात एक छोटा पिकअप उभा होता.

हौदावर दोन शेळ्या पाणी पीत होत्या. परक्या. शेडाच्या दारात सत्यभामाबाई हात वर करून ओरडत होत्या, “बाई, पाजू नका! हाकला, हाकला त्यांना! रोग हाय हितं!”

शेळ्यांजवळ चाळिशीची एक बाई भांबावून उभी होती. तिने घाईने दोन्ही दोऱ्या ओढल्या. तिचं नाव मिराबाई. पैनगंगेच्या पलीकडे, उमरखेडच्या बाजूच्या एका गावातली. पाच बायकांचा बचत गट, त्यांच्या मिळून अकरा शेळ्या, सगळ्या मिराबाईच्या गोठ्यात. दोन माजावर आल्या होत्या, म्हणून चांगल्या बोकडाला दाखवायला ती दीड तासाचा रस्ता करून आली होती.

“मी सकाळपासून तीन डाव फोन लावला,” ती म्हणाली. “बंद येऊन राहिला. मंग साइटीवर पाह्यलं तर लिवलेलं होतं, फोन नाही लागला तरी या. म्हणून आली. वाटंत फांदी पडेल होती, ती डायवरनं उतरून काढली.”

कोणता नंबर लावला असणार, ते मोहिनीला कळलं. पत्त्याच्या पानावरचा तो जुना नंबर.

“ताई, रोग मोठा हाय का?” मिराबाईने विचारलं. “आमच्या शेळ्यायले काही होईल का?”

मॅडमनी सांगितलं होतं, संपर्कात आलेली शेळी एकवीस दिवस वेगळी. हे मोहिनीला पाठ होतं. पण समोरच्या बाईचा चेहरा, तो भाड्याचा पिकअप, आपल्या अंगणात आपल्याच शब्दावर आलेली ती माणसं, हे सगळं बघून तिला इतकी लाज वाटली की ती म्हणाली, “बहुतेक काही होणार न्हाई. दूरच होत्या तशा. पण दोन-चार दिवस वेगळ्या बांधा.”

“वेगळ्या कुठं बांधू? गोठा एकच आहे. बरं, पाहते.”

पिकअप गेला. धूळ बसेपर्यंत मोहिनी तिथेच उभी होती. सत्यभामाबाई जवळ आल्या. “मी आत व्हते गं. बोकड वरडला म्हणून भाईर आले, तवर त्यांनी उतरवल्या व्हत्या.”

“तुमची काय चूक, आत्या?”

त्याच दुपारी तिला मिराबाईला फोन करून खरं सांगता आलं असतं. पण तिने नंबर विचारून घेतलाच नव्हता. हे तिने पुढे कित्येकांना सांगितलं. मात्र स्वतःशी ती जाणून होती, की नंबर असता तरी तिने त्या दिवशी फोन केला नसता.

पुढचे दोन आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. सलाइन, इंजेक्शनं, तोंड धुणं, खड्डा, चुना. एकोणीस जनावरं गेली. उरलेली हळूहळू चाऱ्याला तोंड लावू लागली. साइटचं काय झालं हे अंगदने विचारलं नाही आणि मोहिनीनेही हनुमानला पुन्हा फोन लावला नाही. जे व्हायचं ते होऊन गेलं, असं मनात कुठेतरी धरून ती चालली होती.

पंधराव्या दिवशी नवीन नंबरवर फोन आला. मिराबाईने तो उमरखेडच्या दवाखान्यामार्फत निलम मॅडमकडून मिळवला होता.

“ताई, मी मिराबाई. त्या दिवशी आल्ती ती.”

“हां, बोला.”

“आठ मेल्या.”

मोहिनी चुलीसमोरून उठून बाहेर आली.

“दोन-चार दिवस वेगळ्या बांधा म्हणलं होतं तुमी,” मिराबाईचा आवाज चढला नव्हता, सपाट होता. “मी चार दिवस आंगणात बांधल्या. पाचव्या दिवशी आत घेतल्या. इथला डॉक्टर म्हणे, एकवीस दिवस पाह्यजे होते. तुमाले ठाऊक नव्हतं का?”

मोहिनी ओट्यावर टेकली.

“मी आत्ता पाहून राहिली तुमची साइट,” मिराबाई म्हणाली, आणि तिने वाचून दाखवलं, एकेक शब्द सुटा करून. “सर्व, शेळ्या, निरोगी. आजबी तसंच आहे ताई. आजबी कोणी येईल.” फोन बंद झाला.

अंगद दारात उभा होता. त्याने निम्मं ऐकलं होतं. “त्या बाईचा व्हता?”

“आठ शेळ्या गेल्या तिच्या.”

अंगद खाली बसला. म्हणाला, “आपण सांगितलं व्हतं वेगळ्या बांधा म्हणून. आईनंबी सांगितलं. आता पुन्हा तिचा फोन उचलू नको. आपली एकोणीस गेली, ती कोणाला सांगावी आपण?”

“मी चार दिवस सांगितले. एकवीस न्हाई सांगितले.”

“काहून?”

“लाज वाटली म्हणून.”

अंगदने मान फिरवली. “हे बाहेर कोणाला बोलू नको.”

“आपल्याला शनिवारी ठाऊक झालं व्हतं. ती सोमवारी आली. मधे दोन दिवस गेले. आन् त्याच्याआधी तीन महिने मी नुसती ती हिरवी पाटी बघत बसले. शितल त्याच दिवशी करून देत व्हती.”

“आता ते उगाळून काय व्हनार?”

“आजबी तसंच लिहिलेलं हाय, म्हणाली ती,” मोहिनी म्हणाली. “हे बरोबर हाय का तुमीच सांगा.”

तिने त्याच्यासमोरच हनुमानला फोन लावला. आठ शेळ्या मेल्याचं सांगितलं. मग तो म्हणाला, “वहिनी, दहा मिनिटं द्या.” खरोखरच दहा मिनिटांत साइट बंद झाली. त्याने साइटच्या नावाचा ताबा कसा घ्यायचा ते सगळं शितलच्या नंबरवर पाठवलं आणि मागोमाग मोहिनीला एक लांब मेसेज लिहिला, माफीचा. मोहिनीने तो पूर्ण वाचला नाही. दहा मिनिटांचं काम होतं, एवढंच तिच्या डोक्यात बसलं.

दुसऱ्या दिवशी ती शितलच्या सेंटरवर गेली. या वेळी कोणती पाटी, कोणता रंग, काही विचारलं नाही.

“शेडात उभी राहून, एका हातानं, दोन मिनिटांत बदलता आली पाहिजे,” ती म्हणाली. “रेंज कमी असली तरी. आन् आमच्या घरात माझ्याशिवाय आणखी एकाला जमली पाहिजे.”

“मग हीच,” शितलने तीच पांढरी, साधी साइट उघडली. नंबर एकाच ठिकाणी ठेवायचा, म्हणजे एक बदलला आणि एक राहिला असं व्हायचं नाही, हेही तिने दाखवलं. मोहिनीने खाली बसून स्वतःच्या मोबाइलवर तीनदा लिहून, पुसून, पुन्हा लिहून बघितलं. सेंटरच्या बाहेर, जिथे रेंज जेमतेम असते तिथे जाऊनही बघितलं.

मग तिने पहिला खरा मजकूर लिहिला. ‘आमच्या शेळ्यांमध्ये पीपीआर रोग आला आहे. डॉक्टर सांगेपर्यंत कोणीही येऊ नये, शेळ्या आणू नयेत. रोग आल्याचं आम्हाला दोन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं, पण साइटवर वेळेत लिहिलं नाही. त्यामुळे आमच्याकडे आलेल्या एका बचत गटाच्या आठ शेळ्या मेल्या. चूक आमची आहे. गेल्या महिन्याभरात आमच्याकडून शेळी नेली असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा.’

शितलने वाचलं. “मोहिनी, शेवटचं ठीक हाय. पण हे मधलं ठेवायचं का? लोक पुन्हा येतील का तुमच्याकडं?”

“ठेव.”

“अंगदभाऊंना इचारलंस?”

मोहिनीने स्वतःच ‘जतन करा’ दाबलं.

संध्याकाळपर्यंत अंगदला ते कोणीतरी पाठवलं. तो आला तो सरळ तिच्यासमोर मोबाइल धरून. “हे तू लिहिलंस? बाजारात लोक दाखवून राहिले मला. तुझ्या शेळ्या आता कोण घेईल म्हनून राहिले.”

“खोटं काय हाय त्याच्यात?”

“खोटं खरं नंतर. पाच वर्ष लागले हे उभं करायला.”

मसाजी ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, “अंगद, मी डहाळा टाकला व्हता का न्हाई वाटंवर? त्यो काय गुपचूप टाकायचा असतो व्हय?”

पुढचे सहासात दिवस अंगद मोहिनीशी कामापुरतंच बोलत होता. जेवण वाढलं तर जेवायचा, ताट सरकवून उठून जायचा. सत्यभामाबाई दोघांच्या मधे उगाच शेंगा फोडत बसायच्या.

मोहिनीने मिराबाईच्या गावी जायचं ठरवलं. निलम मॅडमनी बजावलं, धुतलेले कपडे, दुसऱ्या चपला, आणि तिथे कुठल्याही शेळीजवळ जायचं नाही. ती बाळापूरहून बसने गेली, पुढे काळीपिवळी जीपने. सोबत अंगद आला नाही.

मिराबाईच्या गोठ्यात चुना मारलेला होता. आठ खुंट्या रिकाम्या. उरलेल्या तीन शेळ्या शेजारच्या शेतात हलवल्या होत्या. गटातल्या चार बायका मोहिनी येणार म्हणून जमल्या होत्या. त्यांच्यात जमनाबाई नावाची एक म्हातारी होती. एकटी राहायची. तिच्या दोन्ही शेळ्या गेल्या होत्या, दोन्ही गाभण. तिने मोहिनीला पाणी दिलं, मग समोर बसून विचारलं, “तुमाले ठाऊक होतं?”

“व्हय. शनिवारपासून ठाऊक व्हतं,” मोहिनी म्हणाली. “आन् एकवीस दिवस बांधायचं तेबी ठाऊक व्हतं. मी चार सांगितले. तुमच्या तोंडावर खरं सांगायची हिंमत झाली न्हाई.”

मिराबाई चुन्याकडे बघत होती. तिला बहुतेक वाटलं असावं, की ही बाई सबबी सांगायला आलीय. सबबीला उत्तर तिच्याकडे तयार होतं, या बोलण्याला नव्हतं.

मोहिनीने मोबाइल काढून नवी साइट दाखवली. मिराबाईने वाचली, मग मोठ्याने वाचून बाकीच्यांना ऐकवली. जमनाबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आता बदलून काय करता, बाई?”

मोहिनीने सांगितलं, की डॉक्टरांनी मोकळं केलं की आठ शेळ्या ती आणून देईल. रोगातून वाचलेल्या शेळीला तो रोग पुन्हा होत नाही, असं मॅडमनी सांगितलंय.

“नको,” मिराबाई लगेच म्हणाली. “तुमच्या घरची शेळी आता आमच्या खुंटीले नको.” मग म्हणाली, “पुढचं पुढं पाहू. तुमी जा आता. गाडी चुकंल.”

परतीच्या वाटेवर पैनगंगेच्या पुलावर काळीपिवळी थांबली होती, पुढे उसाचा ट्रॅक्टर अडकला होता. मोहिनीने खिडकीतून खाली बघितलं. आपण इतक्या लांब येऊन नक्की काय केलं, हे तिला कळत नव्हतं. हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं वाटलं नाही.

त्या हिवाळ्यात फोन जवळजवळ वाजलाच नाही. मोहिनी मात्र दर दोन दिवसांनी साइटवर लिहायची. आज नवीन आजारी नाही. आज दोन शेळ्या चारा खातात. आज सगळ्यांना लस दिली, करडांसकट. वाचणारं कोणी आहे की नाही ते कळायचं नाही. एकदा पुसदहून एका माणसाने फोन केला, त्याला शेळी नको होती. त्याच्या करडाच्या हिरड्या पांढऱ्या झाल्या होत्या. साइटवर वाचलं म्हणून विचारतोय, म्हणाला. मोहिनीने त्याला पहिला शब्द ‘एकवीस दिवस’ हाच सांगितला. आणखी एकाने फोनवर शिव्या दिल्या, त्याने दिवाळीत नेलेल्या शेळ्यांबद्दल, ज्या ठणठणीत होत्या; साइट वाचून तो नुसता घाबरला होता.

संक्रांतीच्या सुमारास अंगद शेडातून आला आणि उभ्याउभ्या म्हणाला, “त्या मोठ्या बोकडाचा सौदा झाला, मॅडमनी मोकळं केलं की जाईल. त्यो साइटवरून काढायचा कसा, दाखव.” तिने पेन्सिलची खूण दाखवली. त्याने जाड बोटाने दोनदा चुकून, तिसऱ्यांदा बरोबर केलं. तेवढंच.

निलम मॅडमनी फाल्गुनात शेड मोकळं केलं आणि तसा कागद दिला. मोहिनीने त्या कागदाचा फोटो साइटवर टाकला. येऊ नका, हे वाक्य काढलं. चूक आमची आहे, हे तसंच ठेवलं. अंगदने ते बघितलं आणि तसंच राहू दिलं.

होळीनंतर मिराबाईचा फोन आला. तीन शेळ्या बघायच्या आहेत, त्यांच्याकडचे डॉक्टर सोबत येतील, ते हो म्हणाले तरच नेईन. मोहिनी “या” एवढंच म्हणाली.

मिराबाई आली. डॉक्टरांनी तिन्ही शेळ्यांचे दात, डोळे, हिरड्या बघितल्या, कागद वाचला. सत्यभामाबाईंनी चहा केला. मिराबाईने तो घेतला, पण उभ्यानेच. बाकीच्या पाच शेळ्याही घेऊन जा, असं मोहिनीने सांगून बघितलं.

“घ्यायले माणसंच नाहीत आता,” मिराबाई म्हणाली. “दोघीजणी गटातून निघाल्या.”

“आन् जमनाबाई?”

“ती हळद काढायले जाते दुसऱ्याच्या वावरात. शेळ्या नको म्हणे. खूप सांगून पाह्यलं मी.”

मोहिनीने एकेक शेळी धरून पिकअपमध्ये चढवायला मदत केली. तिसरी चढायला तयार नव्हती. दोघींनी मिळून तिला खालून उचलून वर सरकवलं. मिराबाईने फळी लावली, कडी घातली आणि हात पदराला पुसत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.